काजळीचा धूर

संपाच्या दिवसांत आमचा बाटल्यांचा कारखाना झोपी गेल्यासारखा झाला होता. पट्टे थांबलेले, साचे गार, अर्धवट राहिलेल्या बाटल्या रांगेत उभ्या. त्यांच्यातून सकाळचं ऊन आत यायचं आणि जमिनीवर हिरवं पाणी साचल्यासारखं दिसायचं. भट्टी तेवढी पेटती. ती विझली तर आतली काच गोठते आणि भट्टी कायमची मरते. म्हणून मालकाशी कितीही वाजलं तरी भट्टीवाल्यांनी आळीपाळीने जाऊन मंद आच राखायची, ही आमची जुनी रीत. त्या आठवड्यात पाळी माझी. त्या लालसर उजेडात एकटी बसले की दिवस आहे की स्वप्न, तेच कळेनासं व्हायचं. खरं सांगते, इतका निवांतपणा मला घरीही कधी मिळाला नव्हता.

भट्टीपुढे दर दोन तासांनी विसावा हवा, एवढंच आमचं मागणं. मालक म्हणाले, बघू. बघू बघू म्हणता महिना संपत आला. आमचा शेअर रोज घसरत होता आणि नदीपलीकडच्या बाटलीवाल्यांचा चढत होता. आमची गिऱ्हाइकं त्यांनी अलगद उचलली, वर दुसरी भट्टी पेटवली. उपाशी आम्ही राहायचं आणि बाळसं त्यांनी धरायचं! माझं डोकंच फिरायचं.

त्यात बाबा. तीस वर्षं त्यांनी याच भट्टीवर काढली आणि निवृत्तीचा सगळा पैसा कंपनीच्याच शेअरमध्ये घातला. ते विकून आमच्या भाड्याच्या दोन खोल्या विकत घ्यायच्या होत्या. घरमालकीणबाई महिनाअखेरपर्यंत थांबणार होत्या. पुढे दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं. म्हणजे मी फाटकाशी घोषणा द्यायच्या आणि तिकडे बाबांच्या खोल्या हातातून जायच्या. ते मात्र चकार शब्द काढायचे नाहीत. त्याचाच मला जास्त राग यायचा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी आच वाढवून धुराड्यातली काजळी जाळली. दर महिनाअखेरीला जाळावीच लागते, हाताला सवय. पण आधी फाटकावर सांगून यावं, हे काही डोक्यात आलं नाही. मूर्खच मी.

काळा धूर वर चढला आणि सगळं गाव माना वर करून बघायला लागलं. भट्टी चालू झाली, संप फुटला, असं जो तो म्हणू लागला. बाजार उघडताच शेअर उसळला. दलालाने बाबांना फोन केला, की आत्ता येऊन सही करा, असा भाव पुन्हा मिळायचा नाही. बाबा कागद काखेत मारून निघाले.

मी बाहेर आले तर फाटकाशी सगळ्यांनी मला घेरलं. साच्यांवर काम करणारी माझी इतक्या वर्षांची मैत्रीण, तिनेच विचारलं, मालकाकडून किती घेतलेस? मी काजळी काजळी म्हणून घसा कोरडा केला. पण ऐकतंय कोण? दलालाचा कारकूनही तिथेच, कानाला फोन लावून उभा.

तेवढ्यात रस्त्यावरून बाबा आले. सरळ पुढे गेले असते तर पाच मिनिटांत दलालाकडे पोचले असते. ते थांबले, धुराकडे नीट बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हा काजळीचा धूर आहे. काच शिजताना असा धूर येत नाही. आत एक बाटलीसुद्धा होत नाहीये. माझी मुलगी फुटलेली नाही."

मैत्रिणीने मान खाली घातली. कारकून वळून फोनवर भराभर बोलायला लागला. बाबा त्याच्याकडे बघत होते. पण थांबवलं नाही त्याला. दुपारपर्यंत शेअर कालच्याहून खाली गेला.

घरी जाताना मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. आधी सही करायची होती, तासाभराने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

"तासभर ते तुला फितूर म्हणाले असते," बाबा म्हणाले.

मला रस्त्यातच रडू फुटलं.

संध्याकाळी घरमालकीणबाई आल्या. बाबांनी त्यांना खुर्ची दिली आणि खोल्या कधी रिकाम्या करायच्या ते विचारलं.