फुकट मिळालेली पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी, पांढरी, पातळ पिशवी आहे. जुनी म्हणजे किती, हे सांगायला मला लाज वाटते. माझी कामाची वर्षे नव्हतीच. काम दोन दिवसांचे, आयुष्य मात्र संपता संपत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळवून त्यात हवा फुंकली, की छतापर्यंत लांबलचक फुगा चढतो. तो चपटा करून कापला, की आम्ही तयार. मग मला किराणा दुकानात आकड्याला टांगले. तिथे आमचे कोण कौतुक!

"काका, एकात एक घालून द्या हो, फाटते मेली."

"घ्या की! पिशवीचे कुठे पैसे घेतो मी?" दुकानदारकाका हसून म्हणत. ते ऐकून मी उगाच ताठ होई.

मला घरी नेले ढब्बूच्या आईने. ढब्बू दोन वर्षांचा आणि त्याची आई भारी काळजीवाहू. पाळणाघराच्या दारात त्याला सोडले, की कोपऱ्यापर्यंत तीनदा मागे वळून बघणार. तिने माझ्यावर न पुसणाऱ्या जाड पेनाने लिहिले, 'ढब्बू – ओले कपडे', आणि मला त्याच्याबरोबर पाठवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ढब्बूने फाटकातच चड्डी ओली केली. आईने माझ्यातले बदलायचे कपडे काढून खांद्यावर टाकले, ओल्या चड्डीसाठी मला कट्ट्यावर ठेवले आणि त्याची चड्डी बदलू लागली. तेवढ्यात वाऱ्याने मला उचलले. तिने मला उडताना पाहिले. "जाऊ दे," ती पुटपुटली, "घरी ढीगभर पडल्यात."

मी थेट गटाराच्या जाळीवर जाऊन बसले. माझ्यावर दुसरी आली, तिच्यावर तिसरी. आपल्याला सोबत मिळाली म्हणून, मित्रांनो, मी चक्क खूश होते! मग एका दुपारी पाणी अडले, उलटे फिरले आणि तळमजल्यावरच्या पाळणाघरात शिरले. मुले झोपली होती, त्यांच्या सतरंज्यांखाली काळे पाणी गेले. ताईंनी एकेकाला उचलून टेबलावर बसवले. मोठी मुले रडत होती. ढब्बू मात्र टाळ्या पिटत होता, "पाणी! पाणी!" मी जाळीला चिकटून ते सगळे ऐकत होते. त्या दिवसापासून मान वर करून बोलायचे माझे धाडस नाही.

पाळणाघराच्या ताई आईला म्हणाल्या, "आणखी एकदा असं झालं ना, तर मी पाळणाघर बंद करीन गं. दुसऱ्याची मुलं आहेत, जीव थाऱ्यावर राहत नाही माझा."

मग आई पेटून उठली. गल्लीतल्या सगळ्या दुकानांनी पिशवीमागे पैसे घ्यावेत आणि ते गटारसफाईला द्यावेत, असा तिचा आग्रह. ती दुकानोदुकानी फिरली. प्रत्येकाचे उत्तर एकच, "किराणावाले काका घेणार असतील तर आम्हीही घेऊ. ते फुकट देणार आणि आमचं गिऱ्हाईक तिकडे पळणार, असं नको."

शेवटी शाळेच्या एका वर्गात बैठक भरली. झाडूवाल्या मावशींनी जाळीतून ओढून काढलेल्या पिशव्या आईने न बघताच साबणाच्या पाण्यातून काढल्या होत्या. त्या तिने फळ्यासमोर दोरीवर वाळत घातल्यासारख्या लावल्या. त्यांत मीही होते.

काका चष्मा लावून दोरीजवळ आले आणि माझ्यापाशी थांबले.

"वहिनी, हा ढब्बू कोण हो?"

वर्गात हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडले, "घ्या, पहिलं गिऱ्हाईक सापडलं!"

आईचे कान लाल झाले. एका नावाची मुले ढीगभर असतात, असे म्हणून तिला सुटता आले असते. मी मनात म्हणत होते, नाकार गं बाई मला, नाकार.

"माझाच मुलगा," ती म्हणाली. "अक्षरही माझंच. ही उडाली तेव्हा मी बघत होते. चार पावलं टाकली असती तर हाती लागली असती. नाही टाकली."

हसणे थांबले. आई बोटाने पदराचे टोक पिळत राहिली.

"काका, मी मुलाचं दूध तीनदा गाळते हो. पण फुकटात आलेल्या पिशवीमागे नाही धावले. पैसे मोजले असते तर धावले असते. म्हणून म्हणते, पैसे लावा. आधी मला लावा."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बरं," ते म्हणाले. "उद्यापासून घेतो. पण पहिला आठवडाभर गल्ल्याशेजारी तुम्ही उभ्या राहायचं, वहिनी. लोकांची बोलणी मी एकट्याने नाही खाणार."

"राहीन की," आई म्हणाली. मग एकेक दुकानदार माना डोलावू लागला.

सगळे गेल्यावर मावशींनी दोरी सोडली. "बाई, ह्या आता कुठं टाकू?"

आईने इकडेतिकडे पाहिले. मी कुजत नाही, मुरत नाही, कुठे टाकले तरी असतेच.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. ते म्हणायला मला तोंड नाही. माझी विनंती एवढीच, की दुकानदाराने माझे पैसे मागितले तर त्याच्यावर चिडू नका. खिशाकडे जाणारा तुमचा हात क्षणभर थबकेल. तो तसाच थांबू द्या, आणि मला आकड्यावरच राहू द्या.