मागून येणारा आवाज

विश्वंभरपंतांनी खिडकीच्या गजावर अंगठी आपटली आणि ते उठून उभे राहिले. बस अजून बेतवाच्या पुलावरही आली नव्हती.

"बैठे रहिए, गार्ड साहब," कानावर बिडी खोचलेला कंडक्टर म्हणाला. "मठ अभी दूर है. आएगा तो बता देंगे."

"हमें सिखाते हो? गाड़ी हमारी झंडी से चलती थी."

"तो आज हमारी सीटी से चल लेने दीजिए."

पुढच्या बाकावरची माणसं हसली. पंतही हसले आणि बसले. वसुंधराही हसली. मग तिच्या लक्षात आलं, की आपण वडिलांच्या कोटाचं टोक मुठीत धरलंय.

मालगाडीच्या गार्डची नोकरी संपल्यापासून पंतांचा रविवार ठरलेला होता. झाशीहून बस धरायची, मध्येच कुठेतरी उतरायचं, शेतांमधून चालत दुसऱ्या गावी पोचायचं आणि तिथून बसनं परतायचं. ते म्हणत, "जन्मभर शेवटच्या डब्यातून हा मुलूख लांब जाताना पाहिला. आता जरा जवळ येताना बघू दे." वसुंधरा कॉलेजात इतिहास शिकवायची. रविवारी तिच्यासमोर पेपरांचे गठ्ठे असत. कितीतरी दिवसांनी ती आज बरोबर आली होती.

मठाशी कंडक्टरनं दोरी ओढली. उतरताना त्यानं पंतांच्या दंडाला हात दिला, आणि बस हलली तरी तो दारातून मागे बघत राहिला.

"पुढे चल," पंत म्हणाले. "गार्ड मागे असतो."

लहानपणापासून असंच होतं. ती पुढे आणि पाठीमागून त्यांचा आवाज: डावीकडे घे, बांधावरनं जा, आता कुत्रं भुंकेल, घाबरू नकोस. तिला कधी वाट शोधावीच लागली नव्हती. तिनं फक्त ऐकायचं.

गहू पिवळा पडू लागला होता. महुआच्या फुलांचा गोडसर, उग्र वास हवेत धरून राहिला होता. लांबच्या टेकड्यांत कुठेतरी सुरुंग उडाला आणि पायाखालची जमीन किंचित हलली. पाखरं उडाली, पण ओरडली नाहीत. पुढे वाटेला दोन फाटे फुटले होते. वसुंधरा थांबली.

मागून आवाज आला नाही.

ती तशीच उभी राहिली. पाठीवर ऊन तापत होतं. मागे काठी एकदा दगडावर वाजली, पुन्हा वाजली.

"बाबा?"

"हं. चल की."

ती उजवीकडे वळली. मागची पावलं तिच्यामागे वळली. मग गहू संपला, बाभळी सुरू झाल्या, आणि बाभळींच्या पलीकडे जमीनच संपली. दगडाची जुनी खाण होती. दगड काढून झाल्यावर कुणीतरी ती तशीच सोडून दिली होती. खाली हिरवं पाणी. कड्याशी काट्यांचं कुंपण घातलेलं होतं, पण एका जागी ते बाजूला सारलेलं होतं आणि तिथलं गवत पायांनी दबलं होतं.

बकऱ्या चारणारी एक म्हातारी बाभळीखालून उठली.

"काए बब्बा, आज फिर इतै आ गए? तला तौ उतै है." तिनं मागे तलावाकडे हात केला.

वसुंधरेनं मागे वळून पाहिलं. पंतांच्या कपाळावर घाम होता. कुणी खांदे धरून गर्रकन फिरवलेल्या मुलासारखे त्यांचे डोळे होते. ते क्षणभरच. मग त्यांनी टोपी सारखी केली.

"बिटिया को खदान दिखाने लाए हैं," ते म्हातारीला म्हणाले. आणि वसुंधरेला, "बघ, केवढी खोल आहे."

"हो," ती म्हणाली. "छान आहे."

तिथेच बसून त्यांनी दशम्या खाल्ल्या. तिनं अर्धी दशमी बकरीपुढे टाकली. पंत मात्र चवीनं जेवले. मग म्हातारीनं हात करून दाखवलेल्या वाटेनं ते तलावाच्या बांधावर आले आणि बरुआसागर गावातून बस मिळाली. येताना पंत तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले.

झाशीत, नगरा मोहल्ल्यातल्या घरी कुसुमावतीबाई दारातच होत्या.

"कसं झालं फिरणं?"

"छान," दोघं एकदमच म्हणाले.

कुसुमावतीबाईंनी आधी नवऱ्याच्या बुटांना लागलेला पांढरा चुरा पाहिला, मग मुलीकडे पाहिलं. रात्री भांडी पुसताना वसुंधरा म्हणाली, "आई, बाबांचं जरा..."

"दूध झाकलंस का?" कुसुमावतीबाई म्हणाल्या.

तिनं दूध झाकलं.

त्या घरात निघालेल्या माणसाला टोकायचं नाही, असा रिवाज होता. 'कुठे' म्हणून विचारायचं नाही आणि मागून हाक मारायची नाही. उंबऱ्यावर असं केलं, की माणसाची वाट खोटी होते. अवेळी बोलावणं यायचं, पंत कंदील आणि झेंड्या घेऊन निघायचे, कुसुमावतीबाई डबा द्यायच्या आणि म्हणायच्या, "सावकाश या." गाडी बीनाकडे जाते की कानपूरकडे, हे त्यांना पंत परतल्यावर कळायचं. पंत नेहमी परतले होते. त्यामुळे रिवाज खरा ठरला होता.

मंगळवारी सकाळी वसुंधरा कॉलेजला निघताना बाहेरच्या खोलीत आली. पंत खुर्चीत बसून कॅनव्हासचे बूट घालत होते. टोपी, काठी, कोट, सगळं रविवारचं. आत आई डब्याला फडकं बांधत होती.

वसुंधरेनं स्वयंपाकघराच्या दारातून आईकडे पाहिलं. आईला वार माहीत होता. पहाटेच तिनं मंगळवारचं म्हणून मारुतीला तेल पाठवलं होतं. आईनं गाठ मारली, ती ओढून पाहिली, आणि मान वर न करता नुसती हलवली. नको.

पंत उंबऱ्यावर पोचले होते.

"सावकाश या," कुसुमावतीबाई म्हणाल्या.

वसुंधरेचं तोंड उघडलं होतं. पंतांनी तिच्याकडे पाहून काठी उचलली. स्टेशनात शिरताना मालगाडीच्या मागच्या दारातून ते हात उचलायचे, तशी. मग ते गेले.

संध्याकाळी ते आले नाहीत. बुधवारी सकाळी बकऱ्या घेऊन आलेल्या म्हातारीला कड्याशी दगडाला टेकवून ठेवलेली काठी दिसली. शेजारी डबा होता. फडक्याची गाठ तशीच होती. दुपारी पोलीस घरी आले.

तेरावं झालं, पाहुणे गेले. एका सकाळी कुसुमावतीबाई चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

"मला ती वाट बघायची आहे."

"तू बसमधून कधी... तुला बस लागेल, आई."

"चल."

बसस्टँडवर बरुआसागरची बस उभी होती. कंडक्टर तोच होता. वसुंधरेला पाहून त्यानं मान खाली घातली. मग त्याला तिच्या मागच्या कुसुमावतीबाई दिसल्या, आणि तो पायरीवरून खाली उतरून त्यांच्या पाया पडला.

"अम्माजी. मंगल को मेरी छुट्टी थी."

"अब जानती हूँ, भैया."

"दूसरा आदमी था. उसे किसी ने बताया नहीं. साहब जहाँ उठ खड़े हुए, वहीं उतार दिया."

"मुझे भी कहाँ पता था, तुम रोज़ नहीं आते," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "बैठने दो. पाँव दुखते हैं."

खिडकीजवळ बसून त्यांनी पदर सारखा केला. बस सुरू झाली. किल्ला मागे पडला. पुलावर गार वारा आत आला, तेव्हा वसुंधरेनं विचारलं.

"केव्हा भेटलीस तू ह्याला?"

"दिवाळी झाली तेव्हा. त्यांना सांगू नको म्हटलं. मठाशी तेवढं उतरवून दे, आणि त्या बकऱ्यावाल्या बाईला सांगून ठेव." मग त्या म्हणाल्या, "घरी बसवले असते तर भिंतीकडे बघत बसले असते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सांगितलंस मला?"

मठाशी दोघी उतरल्या. गहू कापून झाला होता. शेतं उघडी होती आणि त्यांवरून ऊन थरथरत होतं. वसुंधरा पुढे, कुसुमावतीबाई तिच्या मागे. चालताना आईची चप्पल फटफट वाजत होती. वसुंधरेचे कान त्या आवाजापलीकडचं काहीतरी ऐकायला ताठ झाले होते. फाट्याशी ती थांबली. आईही थांबली. उजव्या वाटेवर, लांब, बाभळींचे शेंडे दिसत होते.

लांब सुरुंग उडाला. जमीन हलली आणि पुन्हा स्थिर झाली.

वसुंधरा वळली. आईकडे नाही, आईच्या मागच्या रिकाम्या वाटेकडे.

"बाबा," ती म्हणाली. आवाज फुटलाच नाही नीट. "आपण चुकलोय."

कुसुमावतीबाई बाजूला सरकल्या आणि त्यांनी वाट मोकळी केली.

"मोठ्यानं म्हण," त्या म्हणाल्या. "डब्यांच्या खडखडाटानं कान मंदावले होते त्यांचे."

वसुंधरेनं श्वास घेतला.

"बाबा, थांबा. आपण वाट चुकलोय."