सगळ्यात सोपा प्रश्न

मी एक प्रश्न. तुम्ही म्हणाल, प्रश्नाला कसलं आलंय आयुष्य? विचारला, उत्तर मिळालं, संपला. पण ऐका तर खरं.

मला एका निवृत्त मेट्रनबाईंनी लिहिलं. ‘रुग्णाला हात लावण्यापूर्वी सर्वांत आधी काय कराल?’ खाली चार पर्याय, त्यातला एक हात धुण्याचा. शेंबडं पोरही सांगेल! पण बाई म्हणायच्या, हाच चुकला तर माणसं दगावतात. म्हणून नर्सच्या परीक्षेच्या प्रश्नपेढीत माझी वर्णी लागली.

ही परीक्षा संगणकावर व्हायची. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. शिंप्याने माप घेऊन कपडा शिवावा, तसा प्रत्येकाच्या मापाचा पेपर. त्यामुळे माझ्या वाट्याला यायची ती घसरलेली माणसं. मला बघताच त्यांचे चेहरे पडायचे. आपल्याला बघून एकदा तरी कुणी हसावं, असं मला फार वाटायचं हो.

मग ती आली. दवाखान्यात आया होती. परीक्षेला तिसऱ्यांदा बसलेली. या खेपेला नाही झालं तर पुरे आता, असं घरच्यांनी बजावलंय, हे ती शेजारणीला सांगत होती. पडद्याआडून आम्हाला सगळं ऐकू येतं.

आणि काय सांगू, त्या दिवशी ती चढत होती! आमच्यातले एकेक खडूस, भल्याभल्यांना घाम फोडणारे, तिच्यासमोर जात होते आणि बरोबर उत्तर घेऊन निमूट परत येत होते. आज आपली पाळी नाही म्हणून मी खुशीत होतो.

पण प्रत्येक विषयाचा निदान एक प्रश्न हवाच, असा नियम होता. स्वच्छतेवर अवघड प्रश्न पेढीत कुणी लिहिलेच नव्हते. संगणकाने शोधशोध शोधलं आणि मलाच पुढे ढकललं.

तिने मला वाचलं. पुन्हा वाचलं. क्लासच्या सरांनी सगळ्यांच्या डोक्यात भरवून दिलं होतं, सोपा प्रश्न दिसला की समजा, बुडालात. धुऊन धुऊन सालपटलेले हात तिने बटणांवरून खाली घेतले.

“गेलं,” ती हळूच म्हणाली. “याही वेळी गेलं.”

माझं उत्तर तिने बरोबर दिलं. मग पुढचे प्रश्न न वाचताच भराभरा बटणं दाबली आणि डोळे पुसत निघून गेली. अर्थातच नापास झाली. मला तेव्हा ओरडता आलं असतं तर!

काही महिन्यांनी मोजणाऱ्या बाई आल्या. संगणक खरंच माणसाच्या कुवतीप्रमाणे प्रश्न देतो का, हे तपासणं त्यांचं काम. माणसाची कुवत ही एक रेघ, प्रश्नांचा अवघडपणा ही दुसरी. दोन्ही बरोबरीने चालल्या की परीक्षा चोख. जवळजवळ सगळ्यांच्या रेघा जुळत होत्या, परीक्षा घेणारे साहेब खूश होते. बाई मात्र एका ठिकाणी अडल्या. कुवत वर चाललेली आणि प्रश्न एकदम धपकन खाली. त्यापुढची सगळी उत्तरं डोळ्याचं पातं लवायच्या आत दिलेली.

“हा उमेदवार पास होत होता,” बाई म्हणाल्या. “आपणच त्याचा धीर खचवला. त्याला कळवायला हवं.”

“कळवणार कुणाला?” साहेबांनी विचारलं.

तपासणीआधी सगळ्यांची नावं काढून टाकलेली. उरला होता नुसता एक क्रमांक. बाईंनी तो क्रमांक वहीत उतरवून घेतला. आणि उमेदवार म्हणे! अहो, बाई होती ती, चांगली हाडामांसाची.

मोजणाऱ्या बाईंनी स्वच्छतेवर अवघड प्रश्न लिहून घेतले आणि मला पेढीतून काढलं. चांगलंच केलं. आता मी रद्द झालेल्या प्रश्नांत पडून असतो. फार वाईट वाटतं, पण स्वतःसाठी नाही.

तुमच्यापैकी कुणी दवाखान्यात गेलात आणि सालपटलेल्या हातांची एखादी आया दिसली, तर विचारा, तीनदा परीक्षेला बसली होतीस का. हो म्हणाली, तर माझा एवढा निरोप द्या: बाई, तू बुडाली नव्हतीस. तो सोपा प्रश्न चुकून आला होता.