आतली कडी

माझा धंदा कुलपांचा. निम्म्या गावाची अडकलेली दारं मी उघडून दिली आहेत, पण थोरल्याने बाथरूममध्ये कोंडून घेतलं त्या दिवशी माझ्याच घरचं दार उघडायला मला वीस मिनिटं लागली. स्क्रूड्रायव्हर दोनदा हातातून पडला. पोरगा सोळा वर्षांचा. जिवाचं बरंवाईट करायचं मनात होतं, हे त्याने नंतर डॉक्टरीणबाईंना सांगितलं. मला नाही.

बाई म्हणाल्या, त्याच्या खोलीची आणि बाथरूमची आतली कडी काढून टाका. एकदा स्क्रूड्रायव्हर हातात आला की मला थांबवतंय कोण? एका दुपारीत घरातल्या झाडून सगळ्या कड्या, बोल्ट, कुलपं काढली. धाकटीच्या टेबलाच्या खणाचं चिमुकलं कुलूपसुद्धा. ती अकरा वर्षांची. शेजारी उभी राहून तिने स्क्रू वाटीत गोळा केले आणि वाटी माझ्या हातात दिली.

"शहाणी गं माझी बाय," मी म्हणालो आणि तो विषय तिथेच संपला.

पुढे वर्षभर घर थोरल्याभोवतीच फिरलं. तो जेवला का, झोपला का, गोळी घेतली का. धाकटी शाळेतून थेट दुकानात यायला लागली. मागच्या सामानाच्या खोलीत जायची, दार लावून घ्यायची, पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर यायची. त्या दाराला आतून सात तऱ्हेच्या कड्या बसवलेल्या आहेत, गिऱ्हाइकाला नमुना दाखवायला. मला वाटलं, पोरगी त्या लावून-काढून बघते, तिला धंद्याची गोडी लागली. येईल त्याला मी छाती फुगवून सांगायचो, "पुढे दुकान हीच चालवणार."

परवा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "धाकटी कशी आहे?"

"तिचं काही नाही हो. तिच्याकडे बघावंच लागत नाही."

"शेवटचं कधी बघितलंत?"

मला राग आला. आलो थोरल्यासाठी आणि ही भलतीच उलटतपासणी. दुकानात पोचेपर्यंत तो राग माझ्यावरच उलटला होता.

धाकटी आतच होती. मी दार वाजवलं. "काय करतेस गं?"

"रडतेय." आवाज साधाच, गृहपाठ करतेय म्हणावं तसा. "झालंच. पाच मिनिटं."

"इथे? घरी का नाही?"

"घरी दादाला ऐकू जातं. मग त्याला वाटतं, त्याच्यामुळेच. आणि घरी कडी कुठेय?"

ते दार मला बाहेरून सहज उघडता आलं असतं. उघडलं नाही. दुकानाचं शटर खाली ओढलं आणि दाराशी स्टूल टाकून बसलो.

"दादाला काही झालं?" ती घाबरून ओरडली. भरदिवसा शटर पडतं ते तेवढ्यासाठीच, हे तिला पाठ होतं.

"नाही. तो बरा आहे. मी तुझ्यासाठी बसलोय."

"किती वेळ बसणार आहेस?"

"तुझं सगळं सांगून होईपर्यंत."

"मग उशीर होईल, बाबा," ती म्हणाली.

एक कडी सरकल्याचा आवाज आला. मी उठून उभा राहिलो. मग दुसरी सरकली, मग तिसरी. पोरीने सातही लावल्या होत्या.