पट्टी कोणी काढली?

साहेब, मला तुम्ही मोडलंत आणि नाव घेतलंत एल्सपेथबाईंचं. गावासमोर, पाहुण्यांसमोर घेतलंत. तेव्हा मी दोन तुकड्यांत पडले होते, म्हणून गप्प राहिले. आता बोलते.

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. बांबूच्या सहा कामट्या कापून, घासून, एकीला एक चिकटवून मला घडवलं. माझे तीन भाग पितळी सांध्यांनी एकमेकांत बसतात. मी उभी राहिले की दोन माणसांपेक्षा उंच होते आणि मला धरायला दोन्ही हात लागतात. माझ्या गळाला किडा नसतो, पिसांची खोटी माशी असते. तिला स्वतःचं वजनच नाही, त्यामुळे फेकायची असते ती दोरी. माशी तिच्यामागून मुकाट्याने जाते. उत्तर स्कॉटलंडमधल्या आमच्या बालनाखन गावात ही फेक शिकवणं हेच माझं आयुष्य होतं.

आमच्या नदीला काठभर बर्चची दाटी आहे. दोरी पाठीमागे उडवायला गेलात तर ती झाडात अडकते. म्हणून इथली फेक वेगळी. दोरी मागे न्यायची, पण तिचं टोक शेजारच्या पाण्यावर टेकवायचं. त्या टेकण्याला म्हणतात नांगर, होडीचा असतो तसा. पाण्याने टोक धरून ठेवलं की उरलेली दोरी पाठीशी फुगते, ते पोट. मग वरच्या हाताने दिशा द्यायची, खालचा हात छातीकडे ओढायचा आणि काठी उंचावर थांबवायची. थांबली नाही तर दोरी समोर ढिगासारखी कोसळते. वारा प्रवाहाच्या उलट वर येत असेल तर एकेरी फेक, प्रवाहाबरोबर खाली जात असेल तर दुहेरी. यात उलटसुलट केलं की माशी थेट आपल्याच कानात.

एल्सपेथबाई हे दर शनिवारी शिकवायच्या. जुन्या पुलाखालचा डोह त्या एका सकाळपुरता गावाचा असे. बाकी सगळी नदी तुमची, साहेब; आमच्याकडे मासेमारीचा हक्क जमीनमालकाचा असतो. माशीच्या जागी त्या लोकरीचा लाल गोंडा बांधत, म्हणजे कोणाला लागू नये. आणि त्याआधी माझे सांधे. या फेकीत काठीला पीळ बसतो, पितळ फिरतं, सुटतं. म्हणून दोन्ही सांध्यांवर बाई कापडी पट्टी तिरपी, घट्ट गुंडाळायच्या. जुनी मळली की नवी. दिसायला मी पाय मुरगळलेल्या म्हातारीसारखी दिसे. दिसू दे.

"टोरक्विल, बटाट्याचं पोतं फेकतोयस का?" बाई टपालवाल्याला ओरडायच्या. "लापशी खाऊन आलास की लापशीतच झोपला होतास?"

"वारा आडवा आला, बाई."

"वारा तुझ्या कपाळावर चिठ्ठी चिकटवून येणार आहे का? गालाला कळायला नको?"

सगळे हसत, टोरक्विल सगळ्यांत मोठ्याने. बेकरीवाल्यांची शोना मात्र हसत नसे. ती पाण्याकडे बघत असे. तिला नदीवर कामाला लागायचं होतं, तुमच्या पाहुण्यांना मासे कुठे लागतील ते दाखवणाऱ्या तुमच्या मर्डोसारखं. तो मर्डोही बाईंचाच जुना विद्यार्थी. शोनाचा नांगर वर्षभर घसरत होता. मग एका शनिवारी तो टेकला, पोट गोल भरलं आणि दोरी पलीकडच्या काठापर्यंत सरळ गेली. बाईंनी आपल्या डब्यातला ओटचा केक मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला. आमच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं.

मासेमारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे बॅगपाईप वाजवत पाण्याकडे जातात, नदीत व्हिस्की ओततात आणि पहिली फेक बाईंच्या वर्गातलं कोणीतरी करतं. माझ्या माहितीत असंच चालत आलं. यंदा शोना करणार होती. बेकरीत त्या दिवशी दरवाजावर पाटी लागणार होती: 'नदीवर आहोत.'

आदल्या दिवशी तुमचा निरोप आला. शहरातले मोठे पाहुणे पहिली फेक करतील, गावची जुनी काठी तेवढी पाठवा. बाईंनी मला जोडून, पट्टी बांधून पाठवलं. शोनाला म्हणाल्या, "काठी तर आपली आहे ना? पुढच्या वर्षी हातही आपला."

सकाळी तुमच्या दिवाणखान्यात तुम्ही माझ्याकडे बघून नाक मुरडलंत.

"मर्डो, हे बँडेज कसलं? फोटोत घाण दिसेल. काढ."

"साहेब, ते सांध्यांसाठी..."

"काढ म्हटलं ना. आणि तेल लाव जरा, चमकू दे."

मर्डोने अंगठ्याच्या नखाने पट्टी सोलली. हळू सोलली, मला दुखेल असं वाटून की काय. पण सोलली. तेलही लावलं. आयुष्यात इतकी सुंदर मी कधी दिसले नव्हते.

पाहुण्यांनी मला कुऱ्हाडीसारखं उचललं. वारा नदीबरोबर खाली जात होता आणि त्यांनी एकेरी फेक घेतली. माझा वरचा सांधा फिरला, मग सुटला. अर्धवट अडकलेल्या पितळेवर सगळा जोर आला आणि बांबू उभा चिरला. वरचा तुकडा दोरीसकट पाण्यात, माशी पाहुण्यांच्या कानात. पाईपवाला वाजवायचा थांबला. टोरक्विल तेवढा म्हणाला, "गोंडा बांधायला हवा होता." मग तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "एल्सपेथबाईंनी काठीची निगाच राखली नाही."

दुसऱ्या दिवशी पुलावर तुमची पाटी लागली. 'असुरक्षित, देखभाल न केलेलं साहित्य वापरल्यामुळे शिकवणी बंद. सराव गवतावर करावा.'

देखभाल न केलेलं! मित्रांनो, दर हिवाळ्यात ज्या बाईने माझं वार्निश केलं, ओली काठी कधी पिशवीत कोंबली नाही, तिच्या नावापुढे हे शब्द.

त्या संध्याकाळी मर्डो बाईंच्या दारात आला. टोपी हातात. त्याचं राहतं घर तुमच्या मालकीचं आहे, साहेब, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पट्टी कोणाच्या सांगण्यावरून काढली ते सांगायला आला होता, पण उंबरा ओलांडला नाही.

"चहा घेणार?" बाईंनी विचारलं.

तो मान हलवून निघून गेला. बाईंनी किटली तशीच चुलीवर ठेवली. त्याच्यावर त्या रागावल्या नाहीत. मी रागावले. अजून आहे.

आता मी बाईंच्या स्वयंपाकघरात, कपाटाच्या वर, दोन तुकड्यांत पडून आहे. शनिवारी वर्ग चर्चमागच्या गवतावर भरतो, तो मला खिडकीतून दिसतो. परक्या काठीने शोना दोरी मागे नेते, टोक गवतावर टेकवते, ते सरपटत निघून येतं. गवत दोरीला धरत नाही, म्हणून पोट भरत नाही, आणि फेक मरते. टोरक्विल यायचा बंद झाला. परवा शोनाने बेकरीत पूर्ण दिवसाचं काम धरल्याचं बाईंना सांगितलं. सांगताना पायाखालच्या गवताकडे बघत होती.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंना पुसा, चमकवा, पण आधी त्या कशाने धरून उभ्या आहेत ते बघा. ते मळकं असेल तर नवं बांधा. सोलून टाकू नका.

आणि साहेब, तुम्ही. माझी दुरुस्ती नको. गवतावर नांगर कसा टेकवायचा, ते एका शनिवारी येऊन शोनाला करून दाखवा. नाहीतर त्या पुलावर, त्याच पाटीखाली उभे राहा आणि गावाला सांगा: माझी पट्टी कोणाच्या हुकमावरून निघाली?