पिवळी अक्षरे

पाच वर्षांत म्हातारी झालेली स्क्रीन तुम्ही पाहिली आहे का, मित्रांनो? ती मी. दिल्लीतल्या एका खाजगी दवाखान्यात रुग्णांची माहिती माझ्यावर भरतात. काही रकाने नर्स भरतात, काही एक एआय प्रोग्राम जुन्या कागदांवरून भरतो.

दिल्लीच्याच मुनिरका भागातल्या भाड्याच्या खोलीत बसून संपदा नावाच्या प्रोग्रामर मुलीने मला घडवले. तिने एक साधा नियम केला. प्रोग्रामने लिहिलेली अक्षरे पिवळी दिसतील, माणसाने तपासली की काळी होतील. नर्स हेमलता म्हणाली, "अच्छा! म्हणजे कोणी लिहिलं ते लगेच कळतं." त्या कौतुकाने मी कितीतरी दिवस फुलून गेले होते.

मग संपदाचे नवे साहेब आले, इंद्रजित. या गृहस्थांनी जन्मात एका रुग्णाची माहिती भरली नव्हती, पण मत प्रत्येक गोष्टीवर होते. "पिवळा रंग गावठी दिसतो, यार. सगळं एकसारखं कर."

"सर, मग मशीनचं कुठलं आणि माणसाचं कुठलं, ते कसं कळणार?"

"डिझाइन आता तू मला शिकवणार?"

माझी पिवळी अक्षरे गेली. बैठकीत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानेही मला कधी उघडले नव्हते.

पुढच्याच महिन्यात लष्कराच्या छावणीतून ठकूबाई आल्या, एका सुभेदाराच्या आई. औषधाची अ‍ॅलर्जी? जुन्या कागदांत काहीच सापडले नाही, म्हणून प्रोग्रामने 'नाही' लिहिले. ते माझ्यावर ठळक काळे उमटले. कोणीतरी विचारले असेल, असे समजून हेमलताने इंजेक्शन दिले. ठकूबाईंचा चेहरा सुजला, श्वास अडकला. डॉक्टर धावले म्हणून त्या वाचल्या. बोलता येऊ लागल्यावर त्या हेमलताला म्हणाल्या, "मला पेनिसिलिन सोसत नाही गं. पण कुणी विचारलंच नाही, पोरी."

चौकशीत इंद्रजित म्हणाले, "नर्सने नीट बघायला हवं होतं."

"दिसेल असं तुम्ही ठेवलंच कुठे होतं?" संपदाने विचारले आणि पिवळा रंग काढायला सांगणारा त्यांचाच ईमेल सर्वांसमोर वाचला.

हेमलताची नोकरी वाचली. पिवळा रंग परत आला. पुढच्या सभेत ती आपलीच कल्पना असल्याचे सांगून इंद्रजितांनी हार घालून घेतला! एवढा निर्लज्जपणा लिहायला माझ्यावर रकाना नाही.

हेमलता आता माझ्याकडे पाहण्याआधी रुग्णाशेजारी बसते आणि स्वतः विचारते. मला त्याचे वाईट वाटत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारख्या स्क्रीन घडवाल. आम्हाला देखणे करण्याआधी खरे बोलू द्या. जिथे विचारलेच नाही, तिथे 'नाही' लिहू नका. 'विचारले नाही' एवढे लिहिण्याची लाज बाळगू नका.