पायाशी साचलेला दोन हात गाळ

मित्रांनो, नदीच्या वळणावर वाळूत रोवलेला उंच लाकडी खांब तुम्ही पाहिला असेल. अंगावर पांढरे आकडे, दहाच्या जागी लाल पट्टा. तो मी. माझं वय मलाही नीट आठवत नाही. एक आकडा मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. आठ.

मी या नदीच्याच काठचा, पण बराच वरच्या अंगाचा. तेव्हा मी झाड होतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरानं येऊन आदळतं आणि काठ खालून पोखरतं. वर गवत हिरवंगार असतं, खाली मात्र पोकळी झालेली असते. एका पुरात मी मुळांसकट आडवा झालो आणि वाहत इथे आलो. नदीची रीतच तशी. एका काठाचं ओरबाडायचं आणि पुढच्या वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे पाणी संथ होतं, तिथे आणून ठेवायचं. माती, वाळू, गोटे, तसाच मीही.

इथे पाणी मोजणारे आजोबा होते. त्यांनी मला तासून घेतलं, वळणाच्या आतल्या अंगाला, वाळवंटाच्या पाण्यालगतच्या उतारावर, खोल खड्ड्यात उभं केलं, आणि जमिनीला लागून एक लोखंडी खिळा ठोकला. म्हणाले, "हे शून्य." तिथून वर त्यांनी हाताहातावर आकडे रंगवले आणि दहावर लाल पट्टा ओढला. तो उगाच नव्हता. माझ्या मागे, वाळवंट आणि गावाकडचा बांध यांच्यामध्ये, नदीचं जुनं पात्र होतं. वर्षभर कोरडं, गवतानं भरलेलं. पण पाणी दहाला पोचलं की ते त्या पात्रात शिरायचं आणि वाळवंटाचं बेट व्हायचं.

"नदी घर बदलते," आजोबा म्हणायचे, "पण जुन्या घराची वाट विसरत नाही."

रोज सकाळी माझा आकडा पाहिल्याशिवाय ते पाण्याचा घोटही घेत नसत. पुढे त्यांनी अंथरूण धरलं. दोन पावसाळे माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. रंगाचे पोपडे निघाले, उरलासुरला रंग पाण्यानं घासून नेला. आणि नदी आपली गुपचूप देत राहिली. दर पुराला बोटभर गाळ, कधी वीतभर. माझा खिळा कधी झाकला गेला, ते माझं मलाही कळलं नाही.

आजोबा गेले आणि त्यांचा नेम सुनेनं उचलला. सगळे तिला सूनबाईच म्हणत. तिनं मला धुतलं, पुसलं, सासऱ्यांची मोजपट्टी आणली. सासरे सांगत असत, "खांब जमिनीला टेकतो तिथे शून्य." तिनं त्यांचा शब्द प्रमाण मानला. जमीन होती तिथे शून्य घातलं, वर मोजत गेली आणि दहावर लाल पट्टा ओढला. मग मला हात जोडले. मित्रांनो, इतक्या मायेनं मला आजवर कुणी रंगवलं नव्हतं. मी ओरडायला हवं होतं. पण लाकडाला तोंड कुठलं?

माझा लाल पट्टा दोन हात वर गेला होता.

त्याच वाळवंटावर धुणंवाली मावशी कपडे धुवायची. तिचा धोपटायचा दगड मोठा होता आणि आवाज त्याहून मोठा. सूनबाई बांधाच्या पायरीवर आली की मावशी हाक मारायची, "किती गं आज?" आकडा ऐकूनच ती कपडे कुठे वाळत घालायचे ते ठरवायची.

त्या दिवशी इथे पावसाचा थेंब नव्हता. लख्ख ऊन पडलं होतं. पाऊस वर कुठेतरी, डोंगरात पडला होता. दुपारी पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या दिसू लागल्या. सूनबाई घाईघाईनं पायरीवर आली.

"किती गं?"

"आठ, मावशी! सकाळी चार होतं. तुम्ही वर याच आता!"

"आठच ना? मग अजून दोन हात आहेत की! दवाखान्याच्या चादरी आहेत बाई. मी आले तर घड्या कोण घालणार, तुझा नवरा?"

"त्यांना रुमालाची घडी येत नाही," सूनबाई हसली. "तरी लवकर आवरा हं."

"आवरतेच. तू तुझा आकडा सांभाळ."

मी आठ दाखवत होतो. खिळ्यापासून मोजलं तर पाणी दहा होतं.

जुन्या पात्रातलं गवत आधी हललं. मग त्यात एक बारीक, चकचकीत धार आली. अगदी शांतपणे, घरचं माणूस मागच्या दारानं यावं तशी. मावशीची पाठ तिकडे होती. सूनबाईच्या ध्यानात आलं तेव्हा ती किंचाळली, "मावशी, मागे बघा!" मावशीनं वळून पाहिलं. चादरींचा गठ्ठा तिनं अजून छातीशी धरला होता. सूनबाई पायऱ्या उतरून कमरेभर पाण्यात शिरली, पण ओढ इतकी होती की धावून आलेल्या लोकांनी तिला दंडाला धरून मागे खेचलं.

पाणी चार दिवसांनी उतरलं. चादरी खालच्या झाडांना अडकलेल्या सापडल्या. मावशी नाही सापडली. तिचा दगडही नदीनं वाळूखाली घेतला होता.

पाचव्या दिवशी सूनबाई फावडं घेऊन आली. माझ्या पायाशी खणत गेली. दोन हात खाली खिळा लागला. ती तिथेच बसली आणि मातीनं भरलेल्या हातांनी खिळा धरून कितीतरी वेळ पुटपुटत राहिली, "माझा नेम एक दिवस चुकला नाही, देवा. माप चुकलं."

तिनं सगळे आकडे खरवडून पुन्हा घातले, खिळ्यापासून. आता दर उन्हाळ्यात ती आधी गाळ उपसते, खिळ्याला हात लावते, मगच रंगाचा डबा उघडते.

मित्रांनो, सकाळी कोवळ्या उन्हात मला अजूनही वाळूखालून आवाज येतो. धप्प. धप्प. ओला कपडा दगडावर पडल्यासारखा. सूनबाईलाही येत असावा, कारण ती पायरीवर थांबते आणि रिकाम्या वाळवंटाकडे बघून आकडा मोठ्यानं सांगते. कुणी विचारलेलं नसतं, तरी सांगते. मग धोपटणं थांबतं, आणि आम्ही दोघं उत्तराची वाट पाहतो.

मला रंग द्यायला तुम्ही कधी आलात, तर तुमचे उपकार होतील. पण येताना आधी फावडं आणा. खिळा सापडेपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवू नका.